फोर्ट मॅकमरीला जावं का? तिथे अकरा वर्षं राहिलेल्याचं उत्तर

तुमच्या यजमानांना कॅनडातल्या तेलाच्या शहरात, फोर्ट मॅकमरीत नोकरी मिळतेय. टोरांटोची बहीण म्हणते, 'जगातलं सगळ्यात घाणेरडं तेल, जाऊ नका' आणि त्यांच्या कंपनीतले लोक म्हणतात, सगळा अपप्रचार आहे. खरं काय, असं तुम्ही विचारलंय.

तिथलं तेल जमिनीतल्या वाळूत मिसळलेलं असतं. त्या वाळूला समोरचा काय शब्द वापरतो त्यावरून त्याची बाजू कळते. 'ऑइल सँड्स' म्हणाला तर बहुधा त्याची चूल त्यावर पेटते, 'टार सँड्स' म्हणाला तर विरोधक. मला विचाराल तर ती वाळू हातात घेऊन बघा: काळी, चिकट, नुकत्याच केलेल्या डांबरी रस्त्याच्या वासाची. जानेवारीत तीच दगडासारखी टणक होते.

बहिणीच्या डोळ्यांसमोर उघड्या खाणी असणार. पण खणून काढता येईल असा साठा साधारण पाचवा हिस्साच आहे. बाकीचा खोल आहे, तिथे जमिनीत वाफ सोडून तेल पातळ करतात आणि वर खेचतात. त्या वाफेसाठी ढीगभर नैसर्गिक वायू जाळावा लागतो, हे मात्र कंपनीवाले भरभर सांगून मोकळे होतात. एप्रिल २००८ मध्ये सिंक्रूड या तेल कंपनीच्या खाणीतल्या सांडपाण्याच्या तळ्यात सोळाशेवर बदकं मेली आणि जगाच्या मनात तेच चित्र बसलं. पक्षी उतरू नयेत म्हणून त्या तळ्यांवर तोफांचे बार काढतात. तो आवाज माझ्या कानातून अजून जात नाही.

मे २०१६ च्या वणव्यात सुमारे ८८,००० लोकांना शहर सोडावं लागलं. शहराबाहेर नेणाऱ्या हायवे ६३ वर दोन्ही बाजूंनी झाडं पेटलेली, आणि नेटवर काहीजण लिहीत होते, 'कर्माची फळं'. त्या गाड्यांत तान्ही मुलं होती. हे मी विसरू शकत नाही.

पण खाणींजवळून वाहणाऱ्या अथाबास्का नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या आदिवासींचा राग वेगळा आहे, आणि मला तो पूर्ण पटतो. फोर्ट मॅके या त्यांच्या गावातल्या लोकांच्या स्वतःच्या कंपन्या खाणींची कामं घेतात, तरी शिकारीची रानं गेल्याचं दुःख तिथेही आहेच. आणखी खाली त्यांचंच दुसरं गाव, फोर्ट चिपेवायन. इम्पिरियल ऑइलच्या कर्ल खाणीतून विषारी पाणी झिरपतंय हे मे २०२२ मध्ये लक्षात आलं. त्याचं गांभीर्य गावाला कळलं ते फेब्रुवारी २०२३ मध्ये, आणखी सुमारे ५३ लाख लिटर सांडल्यावर. मधले नऊ महिने माणसं त्या भागात शिकार करत होती, मासे खात होती. विश्वास तिथे तुटला.

नोकरी घ्या, शहर मायाळू आहे. मात्र हिवाळ्यात बर्फावरचा रस्ता सुरू झाला की दोघं एकदा फोर्ट चिपेवायनला जाऊन या आणि तिथल्या एखाद्या आजींना विचारा, नदीचं पाणी अजून पिता का.