११ वर्षांची फॅनसाइट, नवा सर्व्हर आणि अर्धवेळ नोकरीचा विचार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुने व्हिडिओ गेम आणि ॲनिमे यांवर तुम्ही ११ वर्षे एकट्याने साइट चालवता. ६४० पाने, ७,२०० चित्रे, महिन्याला साधारण ४०,००० पानभेटी. होस्टिंग कंपनीने 'वापर मर्यादेबाहेर' अशी नोटीस पाठवली आहे आणि नूतनीकरणाचे बिल पुढच्या महिन्यात आहे. तुमच्या मनात चार गोष्टी आहेत: तीन वर्षांचे पैसे एकदम भरून स्वतंत्र सर्व्हर घेणे, एका गाजलेल्या कन्सोलचे (गेम खेळायच्या यंत्राचे) नाव असलेले आखूड डोमेन दलालाकडून विकत घेणे, कर्ज काढून कन्सोल आणि कार्ट्रिज (यंत्रात खोचायच्या गेमच्या पेट्या) यांचा संग्रह उभा करणे, आणि नोकरी अर्धवेळ करून साइटला वेळ देणे.

ओळख पटू नये म्हणून तुमचा हातात पडणारा मासिक पगार १०० धरून बाकीचे आकडे त्या प्रमाणात मांडतो. घरखर्च महिना ७०. शिल्लक ४२०, म्हणजे सहा महिन्यांचा खर्च. साइटचा आजचा खर्च वर्षाला १२, जाहिरातींचे उत्पन्न वर्षाला १८. हौसेची साइट स्वतःचा खर्च भागवून थोडे उरवते, ही चांगली अवस्था आहे. ती मोडू नये, हे धरूनच पुढचा हिशेब केला आहे.

आता चारही गोष्टी केल्या तर काय होते ते पाहू. सर्व्हरचे १०८ आणि डोमेनचे ९० गेले की शिल्लक २२२ वर येते. अर्धवेळ नोकरीत पगार ६० होतो, त्यात जाहिरातींचे दीड धरा. खर्च ७० आणि कर्जाचा हप्ता १२. दरमहा २०.५ ची तूट. अकराव्या महिन्यात शिल्लक संपते आणि कर्जाच्या २४ पैकी १३ हप्ते अजून बाकी असतात. यात आजारपण नाही, लॅपटॉप बंद पडणे नाही. पगारातले गेलेले ४० नुसत्या जाहिरातींतून भरून काढायचे तर उत्पन्न २७ पट व्हायला हवे, म्हणजे पानभेटी महिन्याला साडेदहा लाखांच्या पुढे. शिवाय या विषयाचा वाचक तंत्रज्ञानात मुरलेला असतो, जाहिराती लपवणारे ॲड ब्लॉकर सर्रास वापरतो. भेटी वाढल्या तरी जाहिरातीचे पैसे त्याच वेगाने वाढतील असे धरू नका. तेव्हा अर्धवेळ नोकरीला आज माझा स्पष्ट नकार आहे. कधी होकार देता येईल ते शेवटाकडे सांगतो.

सर्व्हरचा प्रश्न मात्र नीट उलगडायला हवा, कारण नोटीस खरी आहे आणि घबराट तिथूनच सुरू झाली आहे. तुम्ही पाठवलेल्या माहितीनुसार एक पान सरासरी १.८ एमबीचे आहे. ४०,००० भेटी म्हणजे महिन्याला ७२ जीबी. हे वजन मजकुराचे नाही, चित्रांचे आहे. तुमचे ५,६०० स्क्रीनशॉट १९२० पिक्सेल रुंदीच्या जेपीईजीमध्ये आहेत, एकेक ३५० केबीचा. पण एनईएस या निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलचे मूळ चित्रच २५६ × २४० पिक्सेलचे, गेम बॉयचे १६० × १४४, मेगा ड्राइव्हचे बहुतेक वेळा ३२० × २२४. मूळ मापात, मोजक्या रंगांच्या पीएनजीमध्ये असे चित्र बहुधा ५ ते १५ केबीत बसते. उलट २५६ चे १९२० करणे म्हणजे साडेसात पट ताणणे. त्यात काही पिक्सेल ७ रुंद होतात, काही ८, आणि सरळ रेष हलल्यासारखी दिसते. वर जेपीईजी ८ × ८ च्या चौकोनांत दाबत असल्यामुळे स्वच्छ कडांभोवती मळकट ठिपके उमटतात. म्हणजे पैसे जास्त जातात आणि चित्रही बिघडते. ज्या पिक्सेलांवर तुमचे इतके प्रेम आहे ते वाचकाला जसेच्या तसे दिसावेत, हे मला खर्चाइतकेच महत्त्वाचे वाटते.

उपाय असा: इम्युलेटरमध्ये (जुने गेम संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) फिल्टर बंद करून मूळ मापाचा स्क्रीनशॉट घ्या, पीएनजीत जपा, आणि पानावर दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटीत मोठा दाखवा. सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या फाइलीत) 'इमेज-रेंडरिंग: पिक्सेलेटेड' लिहिले की ब्राउझर कडा पुसत नाही. एक चूक हमखास होते: आहे त्या जेपीईजीचेच पीएनजी केले जाते. मग ते मळकट ठिपकेही इमानाने साठवले जातात आणि फाइल आणखी फुगते. मूळ प्रत नसेल तर स्क्रीनशॉट नव्यानेच घ्यावा लागेल. सगळे ५,६०० एकदम करू नका. सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या ५० पानांपासून सुरुवात करा. ॲनिमेच्या हलत्या जीआयएफ काढून त्यांजागी छोटे, आवाज नसलेले एमपी४ ठेवा, वजन एकदम उतरते. खाली स्क्रोल केल्यावरच चित्र उतरावे म्हणून इमेज टॅगला 'लोडिंग' गुणधर्म 'लेझी' द्या. पान पाव एमबीवर आले तर तीच वाहतूक १० जीबीत बसते.

नोटिशीतला दुसरा भाग प्रोसेसरच्या वापराचा आहे. साइट वर्डप्रेस या तयार सॉफ्टवेअरवर आहे, म्हणून ॲक्सेस लॉग (सर्व्हरवरची भेटींची नोंदवही) उघडा आणि 'डब्ल्यूपी-लॉगिन' व 'एक्सएमएलआरपीसी' या फाइलींच्या ओळी मोजा. पासवर्ड चाचपडणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) तिथेच आदळत असतात. मजकूर ओढून नेणारे क्रॉलरही त्याच लॉगमध्ये, यूजर-एजंटच्या म्हणजे भेट देणाऱ्या प्रोग्रामच्या नावाच्या रकान्यात दिसतील. अशा भेटींसाठी मोठा सर्व्हर घेणे म्हणजे बॉटचे भाडे तुम्ही भरणे.

तुमची पाने रोज बदलत नाहीत. साइट स्टॅटिक करा, म्हणजे तयार एचटीएमएल फाइली ठेवा. लॉगिनचे पानच सार्वजनिक राहत नाही. त्यासाठी वर्डप्रेसची प्लगइन मिळतात. काय मोडते तेही आधीच जाणून घ्या: साइटमधला शोध आणि संपर्काचा फॉर्म चालणार नाही, त्यांची वेगळी सोय करावी लागेल. पानांचे पत्ते शेवटच्या तिरक्या रेघेसकट पूर्वीचेच राहिले पाहिजेत, नाहीतर ११ वर्षांत जमलेले बाहेरचे दुवे तुटतील. फाइलनावांतली लहान-मोठी लिपी तपासा. विंडोजवर चालणारे चित्र लिनक्स सर्व्हरवर केवळ एका कॅपिटल अक्षरामुळे गायब होते. हे झाले की ५,६०० स्क्रीनशॉट १२ केबीच्या हिशेबाने ६७ एमबी, आणि उरलेली १,६०० छायाचित्रे व स्कॅन १२० केबीच्या हिशेबाने १९२ एमबी. सगळे मिळून २६० एमबीच्या आत. एवढ्याला तुमचे आजचे साधे होस्टिंगच पुरते.

तीन वर्षांचे पैसे आगाऊ भरल्यावर मिळणारी सूट बहुधा पहिल्या मुदतीपुरती असते, नंतर पूर्ण दर लागतो. मधल्या काळात कंपनी बुडाली किंवा विकली गेली तर तुम्ही विनातारण धनको (पैसे येणे असलेले) म्हणून रांगेत उभे राहता. या महिन्यात एकाच वर्षाचे नूतनीकरण करा, आणि नोटिशीला लेखी उत्तर देऊन चित्रे हलकी करायला ६० दिवस मागा.

डोमेन हा या विषयातला असा खर्च आहे की जिथे मी काटकसर सांगत नाही, पण हे डोमेन घेऊ नका. त्यात दुसऱ्याचा ट्रेडमार्क आहे. १९९९ पासून लागू असलेल्या यूडीआरपी या डोमेनच्या वादांसाठीच्या नियमांखाली ट्रेडमार्कचा मालक तक्रार करून नाव काढून घेऊ शकतो. नावातले साम्य, तुमचा वैध हक्क नसणे आणि वाईट हेतू या तिन्ही गोष्टी त्याला दाखवाव्या लागतात. पानावर जाहिराती असल्या की तुमची बाजू कमजोर होते. नाव गेले तर ९० परत मिळत नाहीत. शिवाय ११ वर्षांच्या नावावरून हलायचे तर जुने डोमेन कायम भरत राहून प्रत्येक पान ३०१ ने (पत्ता कायमचा बदलल्याच्या संकेताने) नव्या नावाकडे वळवावे लागते.

आहे तेच नाव जपा. डॉट कॉमसारखी नावे एका वेळी १० वर्षांपर्यंत नोंदवता येतात. डोमेन होस्टिंगपासून वेगळ्या कंपनीकडे, तुमच्या स्वतःच्या नावावर आणि साइटशी संबंध नसलेल्या ईमेलवर ठेवा. अनेकदा नाव जाते ते आपोआप नूतनीकरणाला जोडलेले कार्ड मुदत संपल्यामुळे. त्यानंतरचा सवलतीचा काळ कंपनीनुसार ० ते ४५ दिवस. पुढचे ३० दिवस नाव सोडवून घ्यायला मोठा दंड लागतो. आणखी ५ दिवसांनी ते कोणालाही घेता येते. फुकटच्या पत्त्यावर जाण्याचा विचार करणाऱ्यांनी याहूची जिओसिटीज ही फुकट साइट देणारी सेवा आठवावी. ती २००९ मध्ये बंद झाली आणि असंख्य फॅनसाइटचे पत्ते एकदम मेले. फाइली ज्यांच्याकडे होत्या त्यांनाही जुने वाचक परत गोळा करता आले नाहीत.

कर्ज काढून संग्रह नकोच. २४० चे कर्ज, १२ चे २४ हप्ते, म्हणजे ४८ व्याज: साइटचा चार वर्षांचा खर्च. आणि तारण काय, तर ३०-४० वर्षांचे प्लॅस्टिक. २०२१ च्या जुलैमध्ये सुपर मारिओ ६४ ची एक सीलबंद प्रत लिलावात १५.६ लाख डॉलरला गेली. ती बातमी मनात ठेवून वापरलेली कार्ट्रिज घेऊ नका. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरच्या कार्ट्रिजमध्ये सीआर२०२५ हा नाण्यासारखा सेल सोल्डर करून बसवलेला असतो. तो घड्याळही चालवतो आणि सेव्हही धरून ठेवतो, म्हणून आज बहुतेक संपलेला निघतो. बदलताना पट्टी जोडलेला सेल लागतो, साध्या सेलवर थेट सोल्डर करू नये. गेम गिअर या सेगाच्या हातातल्या कन्सोलमध्ये कपॅसिटर (वीज साठवणारे सुटे भाग) गळून बोर्ड खातात. नकली कार्ट्रिजही भरपूर आहेत: ३.८ मिमीच्या गेमबिट या खास स्क्रूड्रायव्हरने एनईएसचे कार्ट्रिज उघडून बोर्डाचे छायाचित्र मागा, विक्रेता नाही म्हणाला तर सौदा सोडा.

त्याऐवजी शिलकीतून २४ वेगळे काढा आणि ते फिरते भांडवल समजा. एक वस्तू घ्या, छायाचित्रे आणि स्कॅन करा, लेख लिहा, विका, पुढची घ्या. प्रत्येक फेरीत टपालखर्च, विक्रीचे कमिशन आणि थोडी घट जाईल. ती जाहिरातींच्या १८ मधून भरून काढा. जिच्याशी तुमचे बालपण जोडलेले आहे ती एखादी वस्तू ठेवून घ्या, तेवढे मनाला हवेच.

पत्रात ओझरता आलेला एक मुद्दा मला सर्वात धोक्याचा वाटतो: वर्गणी भरणाऱ्या सभासदांना रॉम (कार्ट्रिजमधल्या गेमची फाइलरूपी प्रत) उतरवू देणे. हे अजिबात करू नका. बाकी सगळ्या चुकांत नुकसान किती होईल ते मोजता येते, इथे येत नाही. २०१८ मध्ये निन्टेन्डोने लव्हरॉम्स ही रॉम वाटणारी साइट चालवणाऱ्यांवर दावा लावला, त्याचा शेवट सुमारे १.२ कोटी डॉलरच्या निकालात झाला. रॉमयुनिव्हर्स या दुसऱ्या साइटवर २०२१ मध्ये सुमारे २१ लाख डॉलरचा निकाल लागला. तिथेही पैसे घेऊन सभासदत्व दिले जात होते. 'कंपनी आता विकत नाही' किंवा '२४ तासांत पुसले तर चालते' याला कायद्यात आधार नाही. अमेरिकेत कंपनीसाठी झालेल्या कामाचा हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षे टिकतो, म्हणजे १९८५ चा गेम २०८० अखेरपर्यंत. ॲनिमेचे पूर्ण भाग, पूर्ण संगीत यांनाही हेच लागू. वर्गणी घ्यायचीच तर तुमच्या स्वतःच्या लिखाणासाठी घ्या: तुम्ही काढलेले नकाशे, दुरुस्तीची मापे, आवृत्त्यांमधले फरक.

त्याचीच चाचणी घेऊ. तीन महिने 'मदत करा' असे एक बटण ठेवा आणि पैसे वेगळ्या खात्यात घ्या, म्हणजे कराचा हिशेबही सरळ राहील. जाहिरात सोडून येणारे उत्पन्न सलग १२ महिने दरमहा २० च्या वर राहिले, शिल्लक नऊ महिन्यांच्या खर्चाइतकी म्हणजे ६३० झाली आणि डोक्यावर हप्ता नसला, तर पगारातले ४० नव्हे, २० सोडण्याबद्दल मालकाशी बोला. आज महिन्याला ३० उरतात; ते सगळे बाजूला पडले आणि फिरत्या भांडवलाचे २४ वगळले तर ६३० ला आठ महिने लागतील.

बिल येण्याआधी तीन कामे उरका: साइटची आणि डेटाबेसची पूर्ण प्रत दोन वेगळ्या डिस्कवर घ्या, त्यातली एक घराबाहेर ठेवा, आणि डोमेनच्या खात्यात जाऊन जोडलेल्या कार्डाची मुदत पाहा.