राऊच्या बंगल्यातला डांबरी रस्ता: डागडुजी की नव्याने?

नमस्कार काका,

तुमच्या पत्राचा गोषवारा असा: इंदूरजवळ राऊला तुमचा बंगला आहे. गेटपासून पोर्चपर्यंत 1,100 चौरस फुटांचा डांबरी रस्ता आहे, तो 18 वर्षांचा झाला. ठेकेदाराने तीन भाव दिलेत. भेगा-खड्डे बुजवायला 28,000, वरून नवा थर द्यायला 75,000 आणि सगळं उखडून पाया करून पुन्हा डांबरीकरणाला 1,65,000. हाताशी 3 लाखांची एफडी आणि 14 महिन्यांपूर्वी उघडलेलं सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीमचं 15 लाखांचं खातं. घरखर्च महिना 35,000. मुलगा म्हणतो, ते खातं मोडा आणि काम एकदाचं उरकून टाका.

ते खातं मोडू नका. त्यातून थोडीशी रक्कम काढता येत नाही, पूर्ण बंदच करावं लागतं. वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत बंद केलं तर मूळ रकमेच्या 1.5 टक्के कापतात, म्हणजे 22,500. शिवाय 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे 30,750 थांबतील, आणि घरखर्चाचा काही भाग त्यावर चालतो असं तुम्हीच लिहिलंय.

75,000 चा थरही मला पटत नाही. खालच्या भेगा थोड्याच पावसाळ्यांत वर उमटतात. रस्त्याची पातळी वाढते, गेट खाली घासतं, पाणी पोर्चकडे वळतं.

आता फोटो. लांब पट्ट्यात एकेरी, सरळ भेगा आहेत आणि डांबर करडं पडलंय. ऊन-हवेने डांबर कडक होतं, तडकतं. हे वयाचं लक्षण, भेगा भरून आणखी काही वर्षं निघतील. गेटपाशी मात्र, जिथे पाण्याचा टँकर वळतो तिथे, मगरीच्या कातडीसारखी जाळी पडलीय आणि मधे खळगा झालाय. तिथे पाया गेलाय. माळव्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिच्यावर मुरमाचा थर जाड नसेल तर वरचं डांबर टिकत नाही. आणि फोटोत आणखी एक दिसलं: गच्चीच्या पाण्याचा पाइप बरोबर त्याच कडेला सुटतोय. तो आधी वळवा, नाहीतर कितीही खर्च केला तरी पाणी पुन्हा पायातच मुरणार.

म्हणून मी सुचवतो की फक्त गेटपाशी साधारण 250 चौरस फूट उखडून नव्याने करा आणि बाकीच्या भेगा भरा. ठेकेदाराचा पूर्ण कामाचा भाव चौरस फुटाला 150 पडतो, छोट्या कामाला तो जास्त लावेल. 45,000 धरा. भेगांना 12,000, पाइपला 5,000. एकूण 62,000. हे एफडीतून काढा, ती अंशतः मोडता येते का ते बँकेत विचारा. उरतात 2,38,000, म्हणजे सहा महिन्यांच्या खर्चाहून थोडं अधिक. पूर्ण काम केलंत तर उरतील 1,35,000, चार महिन्यांनाही न पुरणारे. या वयात दवाखान्याचा खर्च सांगून येत नाही, म्हणून हा फरक मला फार मोठा वाटतो.

मुलाचं म्हणणं चुकीचं नाही. 28,000 ची डागडुजी दर दोन वर्षांनी करावी लागली तर वर्षाला 14,000 पडतात, आणि नवा रस्ता 15 वर्षं टिकला तर वर्षाला 11,000. पण हा हिशेब पूर्ण रस्त्याचा पाया गेला असेल तरच लागू. ते बघायला लांब पट्ट्यात मधोमध फूटभर चौकोन खोदायला सांगा. गिट्टी-मुरूम कोरडा आणि घट्ट असेल तर वरचा निर्णय कायम. काळा चिखल गिट्टीत मिसळलेला निघाला तर पूर्ण काम करावं लागेल, पण घाईने नाही. तेव्हा दोन वर्षांची आरडी लावा, मुलाला वाटा उचलायचा असेल तर संकोच न करता घ्या.

काम पावसाळा संपून जमीन सुकल्यावर, दिवाळीच्या आसपास करा. ठेकेदाराकडून मुरमाची जाडी किती आणि रोलर फिरवणार की नाही, हे लिहून घ्या. बिल पक्कं, जीएसटीसह मागा आणि जपून ठेवा. पुढे कधी घर विकलंत तर नव्याने केलेल्या भागाचा खर्च सुधारणा म्हणून भांडवली नफ्यातून वजा धरता येतो का, हे सीएला विचारायला ते बिल लागेल.