आल्बीतली रिकामी बरणी

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातल्या आल्बी या गावाहून एका भगिनीचे पत्र आले आहे. पतीला तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संशोधनाचे काम मिळाले, म्हणून सांगलीतली बँकेची नोकरी सोडून गेल्या जुलैत त्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन तिकडे गेल्या. सात महिने झाले तरी गावात एकही ओळख झालेली नाही. माणसे तुटक आहेत, बेकरीतली बाई तुसडेपणाने बोलते, दुपारी बहुतेक दुकाने बंद होऊन रस्ते ओस पडतात आणि लाल विटांचे ते प्रचंड कॅथेड्रलही गावासारखेच बंद किल्ल्यासारखे वाटते, असे त्या लिहितात. तासाभरावरच्या तूलूझमध्ये भारतीय कुटुंबे आहेत, तेव्हा तिथे बिऱ्हाड हलवण्याचा हट्ट पतीकडे धरावा का, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातले एकच वाक्य मी तीनदा वाचले. मुलीच्या शाळेविषयी लिहिता लिहिता तुम्ही सहज सांगून जाता, की खालच्या मजल्यावरच्या आजींनी सप्टेंबरमध्ये घरी केलेल्या अंजिराच्या जॅमची बरणी दिली होती, ती धुऊन ओट्यावर ठेवली आहे आणि परत द्यायची राहून गेली. पुढच्याच ओळीत तुम्ही पुन्हा बेकरीतल्या बाईकडे वळता.

मला तुमचा राग आला, हे स्पष्ट सांगते. ज्या घरांत शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये म्हणून, दुसरे काही नसले तर निदान चिमूटभर साखर घालून ती पाठवली जाते, त्या घरांत तुम्ही वाढलात. आणि तुमच्या ओट्यावर पाच महिने एका म्हाताऱ्या बाईची बरणी पडून आहे. तुम्ही ज्याला गावाचा तुटकपणा म्हणता, त्यातला निदान एक धागा तुमच्या हातून तुटला आहे. त्या आजींनी जिना चढून अनोळखी परदेशी कुटुंबाचे दार वाजवले, ही तिथे लहान गोष्ट नाही. शेजाऱ्याचे दार वाजवणे फ्रेंच माणसालाही सोपे जात नाही. शेजाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी एकत्र बसून खावे-प्यावे म्हणून १९९९ मध्ये पॅरिसच्या एका भागात ‘शेजाऱ्यांचा सण’ मुद्दाम सुरू करावा लागला आणि पुढे तो देशभर पसरला. आजींनी मात्र कोणत्याही सणाची वाट पाहिली नाही.

बेकरीविषयी एवढेच विचारते, की पाव मागण्याआधी तुम्ही ‘बोंझूर’, म्हणजे नमस्कार, म्हणता का? फ्रान्समध्ये तो शब्द न उच्चारता दुकानात शिरून मागणी करणे म्हणजे आपल्याकडे चपला घालून माजघरात शिरण्यासारखे आहे. कॅथेड्रलच्या भिंती किल्ल्यासारख्या आहेत हे खरे; चर्चने पाखंडी ठरवलेल्या काथार या ख्रिस्ती पंथाविरुद्धच्या युद्धांनंतर, १२८२ मध्ये ते बांधायला घेतले आणि चर्चची सत्ता लोकांच्या डोळ्यांत भरावी असाच त्यामागे हेतू होता. परंतु त्याचे छत आतून निळ्या आणि सोनेरी चित्रांनी भरलेले आहे, आणि १५०९ ते १५१२ या काळात ते रंगवणारे चित्रकार इटलीहून तिथे आले होते. तुम्ही आत गेल्याचा उल्लेख पत्रात कुठेही नाही.

आता करायचे ते एकच. या शनिवारी बेसनाचे लाडू करा. चण्याचे पीठ तिथे ‘फारीन द प्वा शीश’ या नावाने मिळते आणि बिनमिठाचे लोणी कढवून घरी तूप करता येते. लोणचे किंवा चिवडा देण्याचा मोह टाळा, कारण त्या वयात अनोळखी तिखट सोसेलच असे नाही. लाडू त्याच बरणीत भरा आणि आत काय आहे, म्हणजे चणे, लोणी, साखर, वेलची, हे फ्रेंचमध्ये एका चिठ्ठीवर आपल्या हाताने लिहून बरणीला लावा. आजींनी त्यांच्या बरणीला तशीच चिठ्ठी लावली होती आणि ती भिजवूनही पूर्ण निघाली नाही, असे तुम्हीच लिहिले आहे. ती निघाली नाही हे बरे झाले. आपली चिठ्ठी तिच्या शेजारी लावा.

जेवणाची वेळ टाळून चारच्या सुमाराला खाली जा. पतीला पाठवू नका, आणि मुलीचे फ्रेंच चांगले आहे म्हणून तिला दुभाषी करून पुढेही करू नका. ‘बोंझूर मादाम’ म्हणा, मग आभाराचे ‘मेर्सी’ म्हणा. उशीर झाल्याबद्दल क्षमा मागायची असेल तर ‘पार्दों’ एवढा शब्द पुरेसा आहे. त्या आत बोलावतीलच असे नाही. दारातच चार वाक्ये बोलून निरोप दिला, तर तो अपमान समजून जिना चढू नका. बरणी हातात घेताना त्या बहुधा ‘इल न फालॅ पा’ म्हणतील. त्याचा शब्दशः अर्थ ‘याची गरज नव्हती’ असा होतो आणि तुम्ही तो ऐकून ओशाळाल, म्हणून आधीच सांगते: आपली मावशी डबा दोन्ही हातांनी घेत घेत ‘कशाला उगाच त्रास घेतलास’ म्हणते, तेच हे वाक्य आहे.

तूलूझविषयी मला त्यानंतर लिहा.