शिमल्याला बदली, घर कुफ्रीच्या वाटेवर: गाडी कोणती घ्यावी?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ऑक्टोबरात यजमानांची शिमल्याला बदली, घर कुफ्रीच्या अलीकडे छराबड्याला ठरतंय, रोज खाली शिमल्यात ऑफिस आणि दोन मुलांची शाळा, सोबत सासूबाई. वारज्यातली पाच वर्षांची हॅचबॅक विकून, कर्ज काढून फोर बाय फोर घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. आम्ही तिघं त्याच रस्त्यावर सहा हिवाळे काढून आता कोथरूडला परतलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोर बाय फोरसाठी कर्ज काढू नका. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फातून निघते आणि चढ चढते, हे खरं. पण तुमचा सकाळचा रस्ता उताराचा आहे. तिथे गरज आहे ती थांबण्याची आणि वळण्याची, आणि ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतोच. ते काम शेवटी टायर करतो.

पहिल्या हिवाळ्यात आमच्याकडे फोर बाय फोरच होती, चांगली वजनदार. जानेवारीतली सकाळ. बर्फ पडून दोन दिवस झाले होते, रस्ता मोकळा केलेला, डांबर काळंभोर दिसत होतं. देवदारांच्या सावलीतल्या एका वळणावर टायरचा ओल्या रस्त्यावरचा सर्र आवाज एकदम बंद झाला. मी ब्रेक दाबला, पेडल पायाखाली थरथरलं आणि गाडी स्टिअरिंगचं न ऐकता सरळ जाऊन डोंगराच्या बाजूच्या गटारात टेकली. मागे लेक बसलेली. कुणाला काही लागलं नाही. मागून आलेली टॅक्सी मात्र, साधी छोटी हॅचबॅक, दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू येऊन माझ्या मागे अलगद थांबली. तिला बर्फाचे टायर होते, माझे महामार्गाचे आणि निम्मे झिजलेले. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठून काचेसारखा थर होतो, तो डोळ्यांना दिसत नाही. तो आवाज बंद होणं लक्षात ठेवा. तसं झालं तर ब्रेकवर पाय आदळू नका, पाय ॲक्सिलरेटरवरून हळू काढा, स्टिअरिंग झटक्याने फिरवू नका. वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर कमी करायचा.

म्हणून पैसे आधी टायरवर घाला. आपल्याकडचे नेहमीचे टायर पुण्याच्या उन्हाचा विचार करून बनवलेले असतात. तापमान साधारण ७ अंशांखाली गेलं की त्यांचं रबर कडक होतं आणि पकड जाते. बर्फाच्या टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह बघून घ्या. आपल्या देशात ते प्रत्येक मापात मिळत नाहीत, त्यामुळे आधी दुकानात मापाची चौकशी करा आणि मग गाडी ठरवा. चारही टायर एकसारखे हवेत. नुसते पुढचे दोन बदलले तर उतारावर मागचा भाग घसरतो. कायद्याने नक्षीची खोली १.६ मिलिमीटर चालते, पण बर्फात ४ च्या खाली गेली की मी टायर बदलायचो.

गाडीचं म्हणाल तर ब्रेझा, नेक्सॉन किंवा व्हेन्यू यांच्या मापाची, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी तुम्हा पाच जणांना पुरेल. शिमल्यात रस्ते अरुंद, पार्किंग त्याहून कमी, मोठी गाडी रोजचा वैताग होते. ईएसपी, म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा, असलेलाच प्रकार घ्या, यात तडजोड नको. कुफ्री साधारण २,७०० मीटरवर आहे, पुणं ५६० वर. हवा विरळ झाल्याने टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला सुमारे दहा टक्के घटते. पाच माणसं आणि सामान घेऊन संध्याकाळी चढताना ते जाणवतं. टर्बो पेट्रोल मिळालं तर उत्तम. मारुतीची छोटी फोर बाय फोर जिम्नी बर्फात सुंदर चालते, पण ती चारच जणांची आणि मागे सामानाला जागा नाही. सासूबाईंना घरी ठेवून निघायचं का? आणि तुमच्या हॅचबॅकलाही ईएसपी असेल, तर पहिला हिवाळा नवे टायर घालून तिच्यावरच काढा. तिथे जोरदार बर्फ वर्षातून मोजकेच दिवस पडतो आणि त्या दिवशी रस्ता बहुधा बंदच असतो, तेव्हा कोणतीही गाडी घरीच राहते.

निघण्याआधी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, पूर्ण बदला. इथे उन्हाळ्यात पातळी कमी झाली की साधं पाणी ओततात. ते तिथे गोठून फुगतं आणि इंजिनाला तडा जाऊ शकतो. काच धुण्याच्या टाकीतलं पाणीही काढून न गोठणारं द्रव भरा. बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर नवी घ्या. रात्री हँडब्रेक ओढू नका, तो ओला असला की गोठून चिकटतो. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. काचेवर गरम पाणी कधीच नको, काच तडकते.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना नीट समजावून सांगा. बर्फात अडकून इंजिन चालू ठेवायची वेळ आली तर आधी उतरून सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढा आणि खिडकी थोडी उघडी ठेवा. धूर आत शिरला तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही, माणसं झोपेतच जातात.

नोंदणीचं आधी बघा. यजमान सरकारी नोकरीत असतील किंवा त्यांच्या कंपनीची चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असतील, तर बीएच मालिकेचा नंबर मिळू शकतो आणि दर बदलीला नव्याने नोंदणी करावी लागत नाही. नाहीतर वर्षाहून जास्त राहणार असाल तर पुण्याच्या आरटीओतून ना हरकत दाखला घेऊन तिकडे नोंदणी करावी लागते.

चाकांना लावायच्या साखळ्या घ्याच, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला त्या पुढे लावतात. कोरड्या डांबरावर लगेच काढायच्या. बोटं बधिर झालेली असताना त्या पहिल्यांदा लावणं फार कठीण जातं, म्हणून वारज्यातच सोसायटीच्या पार्किंगमध्ये यजमान आणि तुम्ही, दोघांनीही, हातमोजे घालून चार वेळा लावून बघा. माझा जुना संच माळ्यावर आहे. तुमच्या टायरवरचं माप इथे लिहा, जुळत असेल तर येऊन घेऊन जा.