कॅमेरा दिसतोय, पण रेकॉर्डिंग आहे का?

दसरा झाला की आमच्या सीसीटीव्ही दुरुस्तीच्या धंद्याचा हंगाम सुरू होतो. पाच महिने ज्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, तो कॅमेरा लोकांना दिवाळीच्या आत दोन दिवसांत नीट करून हवा असतो. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी सात इथे घेतले आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण तोच घोटाळा मला दर महिन्याला कुठे ना कुठे सापडतो.

मार्केट यार्डात आमचं हळदीचं दुकान आणि मागे गोदाम आहे. आठ कॅमेरे आहेत, मॉनिटरवर सगळे स्वच्छ दिसतात. गेल्या महिन्यात सहा पोती कमी भरली म्हणून फुटेज काढायला बसलो, तर जूननंतरचं रेकॉर्डिंगच नाही! कॅमेरे चालू असताना असं कसं होतं? (एक अडत व्यापारी, सांगली)

मॉनिटरवरचं चित्र कॅमेऱ्याकडून सरळ येतं, त्याचा हार्ड डिस्कशी काही संबंध नाही. डिस्क जूनमध्ये मेली तरी मॉनिटर ऑक्टोबरपर्यंत छान दिसत राहतो.

डिस्क गेली तेव्हा डीव्हीआरनं, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र डिस्कवर साठवणाऱ्या डब्यानं, बोंब मारली असणार. बहुतेक डीव्हीआरमध्ये डिस्क बिघडली की बझर वाजतो. पण तो आवाज डोक्यात जातो, त्यामुळे कुणीतरी वैतागून मेनूत जाऊन बंद करतं. दिवाणजींना एकदा हळूच विचारून बघा.

आता मेनूत डिस्कची स्थिती बघा. तिथे 'एरर' दिसत असेल किंवा डिस्कच दिसत नसेल, तर आधी डीव्हीआरचं प्लग काढा आणि आतली सटा केबल (डिस्कची डेटाची तार) व पॉवरची पिन नीट बसवून पुन्हा चालू करा. दहातल्या दोन-तीन वेळा तेवढ्यानं भागतं. 'इनिशिअलाइझ' किंवा 'फॉरमॅट' विचारलं तर मात्र हात आवरा. धंद्याच्या पहिल्या वर्षी मी एका गिऱ्हाइकाचं ते बटण घाईत दाबलं आणि ज्यासाठी त्यांनी मला बोलावलं होतं तेच पुसून टाकलं. त्या दिवसाचे पैसे मी घेतले नाहीत, पण त्यानं त्यांचं नुकसान काही भरून निघालं नाही.

डिस्क मरण्याची कारणं तुमच्या दुकानातच सापडतील. कॉम्प्युटरची साधी डिस्क टाकली असेल तर ती दिवसरात्र लिहिण्यासाठी बनवलेलीच नसते. कॅमेऱ्यासाठी वेगळी सर्व्हेलन्स डिस्क मिळते, ती घ्या. दुसरं म्हणजे उष्णता. डीव्हीआर लाकडी कपाटात कोंडलेला असतो आणि हळदीच्या पेठेत तर उघडला की पंख्यावर पिवळा थर निघतो. मागे-पुढे चार बोटं मोकळी जागा ठेवा आणि तीन महिन्यांनी ब्लोअर मारा. तिसरं कारण वारंवार जाणारी वीज. ६०० व्हीएचा साधा यूपीएससुद्धा डिस्कचं आयुष्य वाढवतो.

आणखी एक. डिस्क चांगली असती तरी तुम्हाला महिन्याचं फुटेज मिळालं असतं का? २ मेगापिक्सेलचा कॅमेरा व्हिडिओ दाबून साठवण्याच्या जुन्या एच.२६४ पद्धतीनं ४ एमबीपीएसवर (सेकंदाला ४ मेगाबिट) चालला, तर दिवसाला साधारण ४३ जीबी खातो. आठ कॅमेऱ्यांचे झाले ३४५ जीबी. म्हणजे १ टीबीची डिस्क तिसऱ्या दिवशी जुन्यावर नवं लिहायला लागते. नवी एच.२६५ पद्धत करून २ एमबीपीएसवर आणलंत तर दिवसाला १७३ जीबी, तरी जेमतेम साडेपाच दिवस. महिनाभर हवं असेल तर ६ टीबी लागेल. पोती मोजायची महिन्याला आणि डिस्क तीन दिवसांची, हा हिशोब पेढीवर कुणी चालवून घेणार नाही. रात्री गोदाम बंद असताना हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग होईल असं ठेवलं तर बरीच जागा वाचेल.

दर सोमवारी दुकान उघडून उदबत्ती लावली की आदल्या रात्रीचं दोन वाजताचं फुटेज उघडून बघा. मिनिटभराचं काम आहे.

विश्रामबागला बंगला आहे. फाटकावरचा कॅमेरा दिवसा उत्तम, पण अंधार पडला की चित्र जातं, येतं, पुन्हा जातं. दोनदा कॅमेरा बदलून झाला. (निवृत्त शिक्षक)

सर, कॅमेरा निर्दोष आहे. दोष त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या विजेत आहे.

रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो जवळपास दुप्पट करंट ओढतो. समजा, फाटकापर्यंतच्या तारेचा जाण्यायेण्याचा रोध ८ ओहम आहे. दिवसा ०.२ अँपिअरला १.६ व्होल्ट वाटेत खर्च होतात आणि १२ पैकी १०.४ पोचतात, त्यावर काम चालतं. रात्री ०.४ अँपिअरला ३.२ व्होल्ट जातात आणि उरतात ८.८. तेवढ्यात कॅमेरा बंद पडतो. बंद पडला की दिवे विझतात, व्होल्टेज वर येतं, तो उठतो, दिवे लागतात आणि पुन्हा झोपतो. जवळ जाऊन ऐकलंत तर टक-टक आवाज येईल.

याची खात्री भर दुपारी करता येते. कॅमेऱ्याच्या तोंडावर काळं कापड घट्ट धरा. त्याला रात्र झाली असं वाटेल आणि दिवे लागतील. त्या क्षणी चित्र गेलं तर निदान पक्कं.

उपाय दोन. फाटकापाशी वीज असेल तर तिथेच छोट्या बंद डबीत १२ व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर द्या. नाहीतर पॉवरसाठी जाड तांब्याची तार ओढा. स्वस्तातली थ्री-प्लस-वन केबल (चित्राची आणि पॉवरची तार एकत्र असलेली) नावाला तांब्याची असते, खरवडलीत तर आत पांढरं ॲल्युमिनियम दिसतं. काही कारागीर एसएमपीएसचा, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट पुरवणाऱ्या डब्याचा, स्क्रू फिरवून व्होल्टेज चौदावर नेतात. फाटकाचा कॅमेरा चालतो खरा, पण पोर्चमधल्या जवळच्या कॅमेऱ्याला जादा दाब बसतो आणि वर्षभरात तो जातो. तसं करू देऊ नका. आणि सगळेच कॅमेरे रात्री एकदम थरथरत असतील तर मात्र एसएमपीएस उघडून कपॅसिटर फुगलेत का ते बघावं लागेल.

तासगावजवळ आमची बेदाण्याची शेड आहे. दरवर्षी हंगाम संपला की दोन-तीन कॅमेरे आंधळे होतात. कारागीर म्हणतो पिना काळ्या पडल्या, बदलतो, पैसे घेतो. पुढच्या वर्षी तेच. (द्राक्ष बागायतदार)

अण्णा, तुमच्या बेदाण्याला जी सोनेरी झाक देते तीच धुरी कॅमेऱ्याच्या मुळावर आलीये. गंधक जाळल्यावर निघणारा वायू ओल्या हवेत आम्ल होतो आणि केबलच्या टोकाच्या बीएनसी पिना, तांब्याची टोकं, बोर्डावरचे सांधे खातो. कारागिराचं चुकत नाही, पण तो दर वर्षी फक्त परिणाम पुसतो.

जिथे धुरी देता त्या बंद जागेत कॅमेरा नकोच. बाहेरून दारावर रोखून लावा, आत कोण गेलं आणि बाहेर काय आलं एवढंच तुम्हाला कळायला हवं. प्रत्येक जॉइंट रबरी गॅस्केटच्या पीव्हीसी बॉक्समध्ये घ्या, तार खालच्या बाजूनं आत आणा आणि आधी तिला थोडा झोल द्या म्हणजे पाणी ओघळून खाली पडेल. पिनेवर बोटभर सिलिकॉन ग्रीस लावा. डीव्हीआर शेडमध्ये ठेवला असेल तर आजच घरात हलवा. राहिला प्रश्न वळवाच्या विजांचा, तो तुम्ही विचारला नाही पण शेडला लागू आहे. ढग गडगडायला लागले की नुसता प्लग काढून भागत नाही. बाहेरून येणाऱ्या केबलीतूनही झटका येतो. चांगलं अर्थिंग आणि प्रत्येक बाहेरच्या केबलीला सर्ज प्रोटेक्टर हवाच.

रात्री कॅमेऱ्यासमोर पांढरे धागे हलतात, भुताटकीसारखं दिसतं. (गृहिणी, मिरज)

कोळी आहे, ताई. कॅमेऱ्याच्या रात्रीच्या दिव्यांपाशी किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि जाळं लेन्ससमोर विणतो. पंधरा दिवसांनी लांब दांड्याला मऊ ब्रश बांधून झाडा. काच चष्म्याच्या कापडानं पुसा, साडीच्या पदरानं नको, ओरखडे पडतात.

सांगलीच्या गावभागात तळमजल्यावर दुकान आहे. दोन महापुरांत सगळं बुडालं, डीव्हीआरसकट. पुन्हा बसवताना काय काळजी घ्यावी? आणि बुडालेल्या डिस्कमधून काही मिळतं का?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी गावभागात कितीतरी डीव्हीआर मी चिखलासकट पोत्यातून उचलले. त्यातले बरेचसे मालकांनी आधीच 'चालू होतोय का बघूया' म्हणून प्लगात लावून जाळले होते. बुडालेली वस्तू लावून बघायची नाही.

डिस्कमधला डेटा खरंच महत्त्वाचा असेल तर ती उन्हात वाळवू नका, तांदळातही पुरू नका. बहुतेक डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून गढूळ पाणी आत गेलेलं असतं. वाळलं की गाळ तबकडीला चिकटतो. ओली असतानाच पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. खर्च मात्र डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट येतो, हे आधी समजून घ्या.

नव्यानं बसवताना डीव्हीआर, एसएमपीएस आणि राउटर वरच्या मजल्यावर घ्या. वरचा मजला दुसऱ्याचा असेल तर निदान पोटमाळ्यावर. जुन्या केबली पुन्हा वापरायच्या असतील तर बुडालेली टोकं कापा आणि तांबं लालसर चकचकीत दिसेपर्यंत मागे जा. केबलीत पाणी दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं वर चढतं. कॅमेऱ्यावर आयपी६७ लिहिलंय म्हणून तो वाचेल असं समजू नका. ते माप मीटरभर पाण्यात अर्ध्या तासाचं आहे, आपला पूर आठवडाभर मुक्कामाला येतो.

चौकातल्या अपघाताचं फुटेज पोलिसांनी मागितलं आहे. पण डीव्हीआरची वेळ चाळीस मिनिटं मागे आहे. वेळ दुरुस्त करून देऊ का? (औषध दुकानदार, माधवनगर)

नाही! आधी वेळ तशीच राहू द्या. मोबाइलचं घड्याळ मॉनिटरशेजारी धरून दोन्ही एकाच फोटोत घ्या. मग फुटेज पेनड्राइव्हवर काढा, शक्यतो डीव्हीआरच्या मूळ फॉरमॅटमध्ये, सोबत त्याचा प्लेअर. मोबाइलनं मॉनिटरचं शूटिंग करून पाठवणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. चाळीस मिनिटांचा फरक होता हे पोलिसांना लेखी सांगा. हे सगळं झाल्यावर मग वेळ दुरुस्त करा.

कोर्टात अशी नक्कल चालायला प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली येतं, पूर्वी ते '६५ ब' म्हणून ओळखलं जायचं. एक भाग यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू असते. तिला फाइलच्या अंगठ्याचा ठसा म्हणा. हे हलक्यावर घेऊ नका. जालन्याच्या निवडणुकीवरच्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात मुद्दा व्हिडिओ चित्रणाचाच होता आणि नकलेसोबत प्रमाणपत्र हवंच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं.

वेळ मागे का पडते? डीव्हीआरच्या बोर्डावर नाण्याएवढा सीआर-२०३२ सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ भरकटतं. सेल काही फार महाग नसतो. इंटरनेट असेल तर मेनूत एनटीपी चालू करा, घड्याळ आपोआप जुळेल.

कुपवाडला छोटं वर्कशॉप आहे. ज्यानं कॅमेरे बसवले तो फोन उचलत नाही आणि ॲडमिन पासवर्ड त्याच्याकडेच आहे. देखभालीचा करारही त्याच्याशीच होता.

गिऱ्हाईक बांधून ठेवण्याची ही आमच्याच धंद्यातली जुनी खोड, सांगताना मलाच लाज वाटते. डीव्हीआरचं बिल शोधा. बहुतेक कंपन्या बिल आणि सीरियल नंबर दिल्यावर पासवर्ड रीसेटचा कोड देतात. त्यासाठी डिस्क फॉरमॅट करावी लागेल असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. पासवर्ड मिळाल्यावर ॲपमध्ये शिरून त्याचा ई-मेल आणि नंबर काढून टाका, नाहीतर तुमचं वर्कशॉप तो घरबसल्या बघत राहील.

नवा पासवर्ड 'admin' ला साजेसा '१२३४५' असा नको. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरचे लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते कंपनीचेच ठरलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणून. राउटरमध्ये कारागिरानं पोर्ट (इंटरनेटवरून आत शिरायच्या वाटा) उघडे ठेवले असतील तर बंद करायला सांगा.

नव्या करारावर सही करताना चार गोष्टी लिहून घ्या: डिस्क आणि एसएमपीएस करारात धरलेत का, वर्षात किती वेळा येऊन साफसफाई करणार, तक्रारीनंतर किती तासांत येणार, आणि दर भेटीत आदल्या आठवड्याचं प्लेबॅक तुमच्यासमोर दाखवणार का. ॲडमिन पासवर्ड बंद पाकिटात तुमच्या तिजोरीत राहील, त्याच्या वहीत नाही.