वाचक विचारतात : असईचा उतार

प्रश्न : आमचे आजोबा म्हणतात, असईच्या लढाईत फितुरी झाली, नाहीतर इंग्रज जालन्यातून जिवंत परत गेला नसता. आपली फौज मोठी, तोफा शंभर, मग हरलो कसे?
— एक वाचक, सिल्लोड

उत्तर : आजोबांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही, पण मला ते पुरतं पटत नाही.

आधी फितुरीचं बघू. दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींवर बरेच गोरे अंमलदार होते. इंग्रज-मराठा युद्धाला तोंड लागताच, ऑगस्ट १८०३ मध्ये, कंपनी सरकारने त्यांना चाकरी सोडून या, पगार आम्ही देतो, असं आमिष दाखवलं आणि त्यातले बरेच निघून गेले. हा घाव खराच. पण २३ सप्टेंबरला असईवर ज्याने मुख्य ब्रिगेड लढवली तो पोलमन गेला नव्हता. हा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा माणूस, एके काळी कंपनीच्याच फौजेत सार्जंट होता. त्या दिवशी तो मन लावून लढला.

मी तीस वर्षं इतिहास शिकवला, पण असई मला कळली ती सासुरवाडीत. आमच्या सासऱ्यांचं गाव नदीकाठी, समोरच्या काठाला दुसरं गाव. पूल नव्हता. तरी सोयरिकी त्या गावातल्या, बाजार त्या गावाचा. बैलगाडी सरळ पाण्यात घालायची. बैलांनाच उतार, म्हणजे नदी ओलांडता येईल अशी उथळ जागा, ठाऊक. समोरासमोर दोन गावं असली की मधे उतार असतोच, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही.

आता इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली बघा. तो आणि कर्नल स्टीव्हनसन बदनापूरहून दोन वाटांनी निघाले होते आणि २४ तारखेला मिळून हल्ला करणार होते. २३ ला सकाळी वेलस्ली नळणीला पोचला तर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज अवघ्या दोन-अडीच कोसांवर, केळना नदीपलीकडे, भोकरदनपासून असईपर्यंत पसरलेली. स्टीव्हनसन अजून लांब. वेलस्लीने बाजारबुणगे नळणीला ठेवले आणि जवळ असतील तेवढे लोक घेऊन निघाला. समोरून नदी ओलांडावी तर तोफांच्या तोंडी जाणं. बरोबरच्या वाटाड्यांनी सांगितलं, खाली दुसरा उतार नाही. पण त्याला नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं दिसली. इंग्रजी कागदांत त्यांची नावं पीपळगाव आणि वारूर अशी आहेत. त्याने इंजिनिअर पाठवला. उतार निघाला.

आजोबांना हे जरूर सांगा. त्या मुलखातल्या वाटाड्यांना उतार माहीत नसेल, हे मला कसं पटावं? हा आपला माझा संशय, पुरावा नाही. पण तिथे कोणी खोटं बोललंच असेल तर ते आपल्या बाजूने बोललं.

चूक झाली ती त्या उतारावर पहारा न ठेवण्याची. तोफांचे गोळे तेवढे येत होते. वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचं डोकं पाण्यातच उडालं. पण अडवायला काठावर कोणी नव्हतं. फौज पार झाली ती केळना आणि जुई या दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात. दोन्ही बगलांना पाणी, त्यामुळे आपले हजारो घोडेस्वार पसरणार कुठे? संख्या असून नसल्यासारखी झाली. वेलस्लीकडे रणात साडेचार हजारच माणसं होती, तरी त्याचं भागलं.

पोलमनने मात्र सगळी रांग झपाट्याने वळवून पूर्वेला तोंड केलं. वेलस्लीला एवढी चपळाई अपेक्षित नव्हती. त्यातच त्याच्या उजव्या बाजूची तुकडी आणि तिच्यामागून ७४ वी हायलँडर पलटण चुकून थेट असई गावाच्या रोखाने गेली आणि तोफांनी तिचा पार चेंदा केला. आपले गोलंदाज तर असे की शत्रू अंगावर आला तरी तोफ सोडली नाही, संगिनी खाल्ल्या. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले, आणि इंग्रजांची रांग पुढे जाताच उठून त्याच तोफा त्यांच्या पाठीवर फिरवल्या! वेलस्लीला मागे वळून त्या पुन्हा जिंकाव्या लागल्या. त्याच्या मांडीखालची दोन घोडी गेली, त्यातल्या एकाला भाला लागला होता.

आणि धनी? दौलतराव आणि रघुजी भोसले लवकरच रणातून निघून गेले होते. यालाच आजोबा फितुरी म्हणत असतील तर मी वाद घालणार नाही.

इंग्रजांचे ४२८ मेले, ११३८ जखमी झाले, म्हणजे तिघांमागे एकाहून जास्त. आपल्या ९८ तोफा गेल्या. पुढे वॉटर्लू जिंकलेला हाच माणूस म्हातारपणी आपली सर्वांत चांगली लढाई विचारली की असईचं नाव घ्यायचा.

प्रश्न : माझा मित्र मद्रास रेजिमेंटमध्ये आहे. त्यांच्या बिल्ल्यावरच्या हत्तीचा असईशी संबंध आहे म्हणतात, खरं का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : खरं. वेलस्लीच्या फौजेत मोठा भरणा मद्रासी पलटणींचा होता, आणि लढाईचा मान म्हणून हत्तीचं चिन्ह मिळालं. तिकडे स्कॉटलंडच्या ७४ व्या पलटणीलाही मिळाला तो हत्तीच. आपल्या शेतात कापूस असतो, हत्ती त्यांच्या टोपीवर.

प्रश्न : नांगरताना लोखंडी गोळा सापडला. आई तो लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवते. तोफेचाच असेल का?
— एक वाचक, भोकरदन तालुका

उत्तर : न बघता कसं सांगू? पण त्या काळी भरीव गोळे असत तसे आत दारू भरलेले पोकळ गोळेही असत. त्यामुळे तो ठोकू नका, भोक पाडू नका, चुलीपासून लांब ठेवा आणि तहसील कार्यालयात कळवा. गोळा कुठल्या गटात, किती खोल सापडला ते आजच लिहून ठेवा. पुढच्या पेरणीपर्यंत विसराल. आईंना म्हणावं, बरणीवर वरवंटा ठेवा.