लाईट न जाणाऱ्या गावातून

तुझा प्रश्न रविवारी सकाळी वाचला आणि त्या नादात गॅसवरची उसळ करपली. वीज कंपनीच्या गुहागरकडच्या सेक्शनला तू तीन वर्षं ज्युनियर इंजिनिअर आहेस. दर पावसाळ्यात तेच झंपर, म्हणजे तारा जोडणारे तुकडे, तुटतात, खाऱ्या वाऱ्याने तेच इन्सुलेटर खराब होतात, मार्च आला की थकबाकीसाठी लोकांच्या पडवीत उभं राहायचं. याला काही अर्थ आहे असं आता वाटत नाही, म्हणून जर्मनी. आणि शेवटी विचारलं आहेस, "ताई, तिकडे गेल्यावर तरी काम केल्यासारखं वाटतं का?"

व्हिसा, पगाराची अट, भाषेची परीक्षा यावर मी बोलणार नाही. ते दूतावासाच्या पानावर आहे. कुठेच लिहिलेलं नाही ते नावाचं प्रकरण आधी सांगते, कारण त्यात माझं जवळजवळ वर्ष गेलं.

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही हसले. म्हणजे पदवीवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, आडनाव तर बदललेलंच, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर ग्रामसेवकांनी आईच्या जागी घरात हाक मारायचं नाव घातलेलं. राजपत्रात नावबदल छापून घेतला. एजंटाने पैसे घेऊन सगळ्यावर अपोस्टीलचे, म्हणजे कागद परदेशात खरा मानावा म्हणून मारतात ते, शिक्के मारून आणले. इथल्या खिडकीवरच्या बाईंनी ते शिक्के बघितलेच नाहीत, कारण भारतातलं अपोस्टील जर्मनी मानत नाही. मग दोन कागद शेजारी शेजारी ठेवून त्यांनी शांतपणे विचारलं, "यातली इंजिनिअर कोणती?" त्यांना टोमणा मारायचा नव्हता. मला मात्र अजून त्याचं उत्तर देता आलेलं नाही. तुझं लग्न व्हायचं असेल तर नाव बदलू नकोस. सासूबाई रुसल्या तर फोन मला जोडून दे.

तर, काम. मी न्यूरेम्बर्गमध्ये छपरावरच्या सोलरच्या जोडणीचे अर्ज तपासते. किलोवॉट, इन्व्हर्टर, सही, नकाशा. कंपनीच्या मासिकात आमच्या विभागाचा फोटो येतो आणि खाली पृथ्वी वाचवण्याबद्दल काहीतरी लिहिलेलं असतं. काम चांगलंच आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण इथे एका ग्राहकाची लाईट वर्षभरात मिळून सरासरी साधारण १२ मिनिटं जाते. वर्षभरात! आपल्याकडे फीडर, म्हणजे गावांना वीज नेणारी मोठी लाईन, ट्रिप झाला की आधी कोणाचा फोन घ्यायचा हे ठरवण्यात तेवढा वेळ जातो.

मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आमच्या गल्लीत लाईट गेली. मी चपला घालून खाली धावले. जिन्यात कोणी नाही, रस्त्यावर कोणी नाही. कोपऱ्यावर ट्रान्सफॉर्मरची हिरवी पेटी आहे, तिच्यापाशी जाऊन उभी राहिले. गाडी आली, दोघे उतरले, एकाने मला हाताने मागे सरकायला सांगितलं. मीही हेच करायचे, हे सांगण्याइतकं जर्मन मला येतं. सांगितलं नाही. चाळीस मिनिटांत लाईट आली. घरी आले तर मुलगा म्हणाला, "आई, तू कुठे गेली होतीस?"

आता ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा तू कॉलेजात असशील. माझं सेक्शन दापोलीच्या किनाऱ्यावरचं, केळशी-आंजर्ले बाजूचं. दुपारपर्यंत बागा झोपल्या. माड, पोफळी, आंब्याची शंभर वर्षांची झाडं, सगळी आमच्या तारांवर. पोल मुळापासून उपटले नव्हते, मधूनच मोडले होते. वरून करोना. बाहेरच्या जिल्ह्यांतून टीम आल्या त्यांना गावात घ्यायचं की नाही यावर आधी बैठक! एका वाडीवर गाडी जातच नव्हती. गावकऱ्यांनी पोल खांद्यावरून चढवले, जांभ्यात खड्डे हातांनी खणले. तेविसाव्या दिवशी संध्याकाळी लाईन चार्ज केली. मला वाटलं होतं लोक रडतील, निदान चहा तरी देतील. एक आजोबा ओटीवर आले, बल्बकडे बघितलं आणि म्हणाले, "म्याडम, या तेवीस दिवसांचा बिल लावनार नाय ना?"

त्या रात्री मी जेवढी हसले तेवढी नंतर हसलेले नाही.

हे वाचून तुला वाटेल, ताई परत ये म्हणते आहे. नाही. ती नोकरी मला नकोशीच झाली होती. गणपतीत आरतीच्या वेळी लाईट गेली की अख्खं गाव माझ्या आईवडिलांचा उद्धार करायचं. रात्री दोनला फोन, पहाटे पाचला फोन. मला ठाम वाटायचं की या कामात काही राम नाही. आज वाटतं, मला फक्त झोप हवी होती. थकलेल्या माणसाला अर्थ दिसत नाही, हे मला आठ तास झोपायला लागल्यावर, इथे येऊन कळलं. तू आधी पंधरा दिवस रजा टाक, फोन दुसऱ्याकडे दे, आणि मग हाच प्रश्न स्वतःला विचार. तरीही जावंसं वाटलं तर खुशाल जा.

मुलाचं सांगायला नको असं ठरवलं होतं. इथे बव्हेरियात चौथीतच पोरांची वाटणी होते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, या तिन्हींची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर थेट जिम्नॅशियममध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत. इथे १ म्हणजे उत्तम. आमच्या लेकाला गणितात २, बाकी दोन्हीत ३. सरासरी २.६६. परिसर अभ्यासात ३! हर्णैच्या लिलावात आजोबांच्या खांद्यावरून सरंगा, हलवा, सौंदाळा ओळखणारं सहा वर्षांचं पोर होतं ते. परिसर बदलला एवढाच त्याचा गुन्हा. चाचणी देऊन बघता आली असती, आम्ही दिली नाही. पुढे जाऊन शाळा बदलता येते, रेआलशुल ही दुसऱ्या प्रकारची शाळाही चांगली असते, सगळं मला माहीत आहे. बाईंनी तो कागद हातात दिला तेव्हा त्या गोड हसत होत्या, ते मात्र विसरता येत नाही. तुला मूल नाही, तर हा परिच्छेद सोडून दे.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. आमसुलं भरपूर आण.

आणि एक गोष्ट, जी मी नवऱ्यालाही धड सांगितलेली नाही. मे २०२१, तौक्ते वादळाची रात्र. नवऱ्याचं नेमणूकपत्र आलेलं, माझा राजीनामा टाइप करून तयार. संध्याकाळीच सगळे फीडर बंद पडले होते. फोन वाजत राहिला आणि मी तो तांदळाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. सकाळी बघितलं तर एकाच नंबरवरून अकरा कॉल. करोनाची दुसरी लाट होती, घराघरांत ऑक्सिजनची मशीनं चालू होती, ती विजेवर चालतात हे तुला सांगायला नको. मी उलटा फोन लावला नाही. तो नंबर अजून माझ्याकडे आहे, नाव न घालता.

गेल्या गणपतीत गावी आले तेव्हा माझा जुना वायरमन भेटला. त्या रात्री तोच बाहेर होता, त्याला विचारायचं असं ठरवून गेले होते. त्याने चहा सांगितला आणि चौकशी सुरू केली, तिकडे पोलवर चढायला शिडी देतात की गाडी? म्हटलं, पोलच नाहीत, केबल जमिनीखालून जातात. लाईट? जात नाही.

"मग तुम्ही करता काय?"

मी अर्जांचं सांगायला लागले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, पलीकडच्या वाडीत डीपीवर फांदी पडली होती. त्याने अर्धा चहा तसाच ठेवला आणि गेला.